व्हिलनची राहिलेली तोंडधुणी

जीवरामभाऊंनी मला अकरा वर्षं पळवून नेलं. आठवड्यातून चार वेळा, यात्रांच्या दिवसांत सहा वेळा. कधी केसांना धरून, कधी खांद्यावर टाकून, आणि ज्या साली त्यांची कंबर धरली होती त्या साली नुसतंच मनगट धरून, कारण त्यांना वाकता येत नव्हतं. विंगेत पोहोचलो की मला अलगद खाली ठेवायचे आणि हळूच विचारायचे, "बाई, लागलं तं नाही ना कुठी?"

मी कोकिळा, तापीकाठ नाट्यमंडळाची नायिका. मंडळ बंद पडून चाळीस वर्षं होत आली. आता मी जळगावात लेकाकडे राहते. गुडघे बोलतात, पण आवाज अजून मागच्या रांगेपर्यंत जातो, असं शेजारीण सांगते, आणि ती ते कौतुकानं सांगत नाही.

जीवरामभाऊ सावद्याजवळचे. दिवसभर केळीच्या बागेत, संध्याकाळी रंगमंचावर. आमच्या नाटकांची नावं सांगत बसत नाही, कारण गोष्ट सगळ्यांत एकच असायची. गावात एक चांगला माणूस, एक गरीब मुलगी, आणि एक जहागीरदार. चांगला माणूस म्हणजे आमचे नायक मोतीलाल, गरीब मुलगी मी, आणि जहागीरदार जीवरामभाऊ. उंच, रुंद खांदे, डोळे असे की नुसते वर उचलले तरी पहिल्या रांगेतली पोरं आईच्या पदराआड जायची. गालावर काजळानं काढलेला व्रण, डिंकानं चिकटवलेल्या मिशा. आणि हसू. ते तीन मजली होतं. पहिला मजला पोटात, दुसरा छातीत, आणि तिसरा मंडपाच्या कापडाला जाऊन लागायचा.

या हसण्याचा उपयोग त्यांनी शेतीतही केला, हे फार लोकांना माहीत नाही. केळीत रानडुकरं शिरली की लोक फटाके लावायचे, डबे वाजवायचे. जीवरामभाऊ बांधावर उभे राहायचे, कंबरेवर हात ठेवायचे आणि हसायचे. डुकरं तिसऱ्या मजल्यापर्यंत थांबत नसत. शेजारचे शेतकरी बोलवायला यायचे, "जीवराम, आमच्या बागेत बी येऊन दोनदा हसून जा." ते जायचे. चहा घ्यायचे आणि हसायचे. पैसे कधी घेतले नाहीत.

माणूस असा की मुंगीला वळसा घालून जाईल. पण त्यांचं तोंड पाहिलेल्या गावांत त्यांना कुणी पाणी देत नसे. एकदा एका गावच्या न्हाव्यानं त्यांची अर्धी दाढी केली, तेवढ्यात त्याला कालचा खेळ आठवला, आणि उरलेली अर्धी करायला तो तयार होईना. जीवरामभाऊ तसेच परत आले आणि आरशात बघून म्हणाले, "बाई, रंग कमी लागंल आता, अर्धं काम झालंच आहे." त्यांच्या घरच्या लिलाबाई. लग्न ठरलं तेव्हा दोन दिवस जेवल्या नव्हत्या, कारण माहेरच्या यात्रेत त्यांनी जहागीरदार पाहिला होता. तिसऱ्या दिवशी जीवरामभाऊ स्वतः केळीचा घड घेऊन त्यांच्या दारात गेले आणि दारातच चुकून कोंबडीच्या पिल्लावर पाय पडता पडता राहिला, तर तिथेच खाली बसून त्या पिल्लाची माफी मागायला लागले. लिलाबाई म्हणतात, "मी त्या पिल्लाकडे पाहून हो म्हटलं."

आमच्या मंडळाचे मालक बन्सीलालशेठ. एका गावात बायकांनी जीवरामभाऊंवर चपला फेकल्या, त्यातली एक चांदीच्या जोडव्यासकट आली, तेव्हा शेठनी एक पद्धत घातली. खेळ संपला, पडदा पडला, की पडदा पुन्हा वर जायचा. मधोमध पितळेचं घंगाळ ठेवलेलं. जीवरामभाऊ रंगासकट पुढे यायचे, खाली बसायचे, खोबरेल तेल तोंडाला चोळायचे आणि सगळ्या गावासमोर तोंड धुवायचे. व्रण जायचा, मिशा जायच्या, भुवया जायच्या. मग प्रेक्षकांतली त्याच गावची एखादी बाई उठून त्यांना पंचा द्यायची. पंचा गावचाच हवा, मंडळाचा चालायचा नाही. तोंड पुसून जीवरामभाऊ हात जोडायचे. "मी जीवराम. सावद्याकडं केळी लावतो. तुमचा राग ह्या घंगाळात सोडून जा." मग ते पाणी मंडपाच्या खांबाशी ओतायचं. आम्ही याला तोंडधुणी म्हणायचो.

एकाही गावची तोंडधुणी चुकली नाही. फक्त एक राहिली, नरडाण्याची.

सत्तेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. चैत्रातली संध्याकाळ, स्टेशनाजवळच्या मैदानात मंडप. जहागीरदारानं मला खांबाला बांधलं होतं, मशाल पेटवली होती आणि हसण्याचा दुसरा मजला चढला होता. मोतीलाल विंगेत धोतर सावरत येण्याच्या तयारीत. तेवढ्यात पश्चिमेकडून धुळीचं वादळ आलं आणि मंडप उचलून रुळांपलीकडे घेऊन गेलं. लोक पळाले. खांब पडला, आणि मी खांबासकट पडले. मला सोडवलं ते जीवरामभाऊंनीच, पण धुळीत ते कुणाला दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी आमचा मुक्काम पुढच्या गावी. गाडीत जीवरामभाऊ म्हणाले, "शेठ, नरडाण्याचं तोंड राहिलं." शेठ म्हणाले, "पुढच्या सालात धुऊ." पुढच्या सालात नरडाण्यात खेळाची बारी मिळाली नाही, त्यापुढच्या सालांतही नाही, आणि मग मंडळच राहिलं नाही.

आता इतक्या वर्षांनंतर ही गोष्ट मी का सांगते आहे, तर कुंदनमुळे.

कुंदन हा जीवरामभाऊंचा नातू, दीपनगरच्या वीज केंद्रात इंजिनीअर. त्याच्यासाठी स्थळ आलं समीक्षाचं. मुलगी धुळ्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवते, घर नरडाण्याचं. पत्रिका जुळली, दोघं दोनदा भेटून चहा प्यायले, मग पाचदा भेटून चहा प्यायले आणि ते घरच्यांना माहीत नाही असं समजत राहिले. सगळं ठरल्यासारखंच होतं. फक्त घर पाहायला जायचं. जीवरामभाऊ म्हणाले, "कोकिळाबाईंना घ्या. तेवढीच कंपनी." त्यांच्या आवाजात थोडी भीती होती. नरडाण्याचं नाव ऐकल्यापासून ती होती.

गाडी अमळनेर, बेटावद करत नरडाण्यात पोहोचली. समीक्षाच्या वडिलांनी हार आणले होते. ओट्यावर त्यांच्या आई, भिकुबाई, हातात कुंकवाचं ताट घेऊन उभ्या. सत्तरीच्या, लहानखुऱ्या, नाकात मोठी नथ. लिलाबाई उतरल्या, कुंकू झालं. मी उतरले, कुंकू झालं. जीवरामभाऊ टोपी सावरत उतरले, आणि भिकुबाईंचा हात ताटावरच थांबला.

"हाऊ कोण शे?" त्यांनी अहिराणीत विचारलं, हा कोण म्हणून.

"मुलाचे आजोबा, आई. सावद्याचे."

"मुलाना आजा नही हाऊ. हाऊ तो शे. केस धरीसन वढणारा." त्यांनी ताट ओट्यावर ठेवलं. "मन्ही नात त्या घरमा नही जाई."

"आई, ते नाटक होतं. सत्तेचाळीस वर्षं झाली."

"मन्हा डोयासमोर व्हयनं. तू मन्हा कडेवर व्हता, तू बी रडी राहिंता."

आणि दार लागलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला. समीक्षाचे वडील हार धरून उभे होते. लिलाबाईंनी तो हार त्यांच्याच गळ्यात घातला, कारण काहीतरी करायला हवं होतं, आणि आम्ही परत निघालो.  पारोळ्याच्या फाट्याशी कुंदन म्हणाला, "आबा, तुम्ही नायकाचं काम का नाही केलंत?"

"नायकाला विंगेत फार थांबावं लागतं," जीवरामभाऊ म्हणाले. आणि मग बऱ्याच वेळानं, "तिची चूक नाही, पोरा."

घरी पोहोचल्यावर त्यांनी जेवण सोडलं नाही, पण हसणं सोडलं. आठ दिवसांत बागेत दोनदा डुकरं येऊन गेली.

समीक्षाचं मात्र तसं नव्हतं. ती शिकवणारी मुलगी, हार मानणं तिच्या वेळापत्रकात नसावं. तिनं तिच्या विषयातून वाट काढायची ठरवली. एका दुपारी तिचा मला फोन आला.

"अक्का, तुम्हाला व्हिलन शब्दाचं मूळ माहीत आहे का?"

"मला त्या शब्दाचा हात माहीत आहे. मनगटावर अजून खूण आहे."

"मग ऐका." आणि ती जे बोलत गेली ते ऐकताना मी चहा गॅसवर विसरले. तो उतू गेला, सून ओरडली, तरी मी फोन ठेवला नाही.

लॅटिन भाषेत व्हिला म्हणजे शेतावरचं घर, आपण ज्याला वाडी म्हणतो ते. त्या वाडीवर राबणारा माणूस तो व्हिलानुस. बस, एवढंच. नांगर धरणारा, पाणी देणारा, गुरं वळणारा. हा शब्द फ्रान्समधून चालत चालत इंग्लंडात गेला. तिथे लोक तो जमीनदाराच्या जमिनीला बांधलेल्या कुळाला लावू लागले, ज्याला मालकाला विचारल्याशिवाय गाव सोडायची सोय नव्हती. तोपर्यंत शब्दात काही वाईट नव्हतं. पण लिहिणारे-वाचणारे कोण, तर किल्ल्यात राहणारे. त्यांच्या नाकाला शेणाचा वास यायचा. त्यांनी व्हिलन म्हणजे गावंढळ असं म्हणायला सुरुवात केली. गावंढळाचा हलका झाला, हलक्याचा नीच झाला, नीचाचा बदमाश झाला. आणि शेवटी नाटकवाल्यांनी त्याला उचललं आणि मिशा चिकटवल्या.

"व्हिलेज पण त्याच घरातलं, अक्का," समीक्षा म्हणाली. "आणि व्हिला तर तसाच राहिला."

खरंच की. जळगावच्या बाहेर बायपासला जिकडे तिकडे पाट्या लागल्यात, 'आलिशान व्हिला, बुकिंग सुरू'. एक भाऊ बंगल्यात गेला, एक गावात राहिला, आणि ज्यानं शेत कसलं तो बदनाम झाला. मी अकरा वर्षं ज्याच्या नावानं किंचाळले, तो मुळात केळीला पाणी देणारा माणूस. मला त्या शब्दाची अशी दया आली की विचारू नका. एवढ्या मोठ्या शब्दाला पहिल्या अंकात साधं काम होतं, आणि कुणीतरी मध्यंतरात त्याची भूमिका बदलली.

"हे तू आजीला सांगितलंस?"

"सांगितलं. सगळं सांगितलं. ती म्हणाली, मंग तुन्हा आजा बी व्हिलन व्हता का? मी म्हटलं, त्या अर्थानं होता, आजी, शेतकरीच होता. ती म्हणाली, बठ्ठाच अर्थमा व्हता, म्हणजे सगळ्याच अर्थांनी."

"म्हणजे विरघळल्या?"

"नाही हो. उलट मला एक नवीनच कळलं." समीक्षाचा आवाज बदलला. "आजीची बहीण बेटावदला दिली होती. तिच्या गावात तुमचा खेळ झाला, तेव्हा तिनं स्वतः उठून त्यांना पंचा दिला होता. आजी म्हणते, बेटावदला त्यानं तोंड धुतलं, म्हणजे तिथलं नाटक होतं. आमच्या गावात धुतलंच नाही. म्हणजे आमच्या गावातलं खरं होतं."

मी खुर्चीत बसले. हे मला सुचलंच नव्हतं. ज्या बाईनं मला शेवटचं पाहिलं ते खांबाला बांधलेलं, शेजारी पेटलेली मशाल, आणि त्यावर धूळ. पुढचं तिच्यासाठी झालंच नव्हतं.

मी लगेच सावद्याला फोन लावला. जीवरामभाऊंना आधी शब्दाचं सांगितलं, कारण माणसाला गोड आधी द्यावं. 

"म्हणजे बाई," ते म्हणाले, "मी पहिल्यापासून बरोबरच होतो?"

"अगदी बरोबर. शेतात दिवसा, रंगमंचावर संध्याकाळी, दोन्हीकडे तुम्ही एकच होता."

"अन् जहागीरदार?"

"जहागीरदार तो किल्ल्यातला. तो व्हिलन नव्हेच."

त्या दिवशी त्यांचं हसू परत आलं, तिन्ही मजल्यांसकट. पुढच्या दोन दिवसांत त्यांनी सावद्यात जो धुमाकूळ घातला तो लिलाबाईंनी मला फोनवर रडत, म्हणजे हसून रडत, सांगितला. केळीचे ट्रक भरतात तिथे जाऊन त्यांनी घड उचलणाऱ्या माणसांना थांबवून हा शब्द समजावला. संध्याकाळपर्यंत तिथे सगळे एकमेकांना राम राम व्हिलन म्हणत होते. एक मोठा बागायतदार रागावला, "मले कोण व्हिलन म्हणतं?" तर जीवरामभाऊ त्याला म्हणाले, "तुले नाही म्हटलं, तू शेतात कधी जातो?" दुसऱ्या दिवशी त्यांनी तलाठ्याला गाठलं आणि सातबाऱ्यावर जीवराम नावापुढे व्हिलन लावता येईल का, अशी विचारणा केली. तलाठ्यानं गंभीरपणे सांगितलं की अर्ज करा, वरून मार्गदर्शन मागवतो.

"याला आवरा," लिलाबाई म्हणाल्या. "काल दूधवाल्याला म्हणे, तू बी आपलाच."

मग मी जीवरामभाऊंना बेटावदच्या पंच्याचं सांगितलं. भिकुबाईंनी काय हिशेब धरला आहे ते सांगितलं. ते लगेच बोलले.

"शब्दानं नाही होणार हे, बाई. त्याले पाणी लागंल. शेठचं घंगाळ कुठी आहे?"

घंगाळ माझ्याकडे होतं. मंडळ मोडलं तेव्हा प्रत्येकानं एक एक वस्तू नेली. मोतीलालनी तलवार नेली, मी घंगाळ. माझी सून त्यात तुळस लावणार होती. मी नको म्हणाले होते, का ते तेव्हा मला माहीत नव्हतं.

रविवारी सकाळी दहा वाजता आम्ही पुन्हा नरडाण्यात. कुंदन गाडी चालवत, मागे मी, लिलाबाई आणि दोघींच्या मांडीवर आडवं घंगाळ. जीवरामभाऊ ओट्यावर गेले नाहीत. समोर रस्त्यावरच लिंबाखाली त्यांनी खुर्ची मागवली, रंगाची पत्र्याची पेटी उघडली आणि आरसा कुंदनच्या हातात दिला.

"आबा, रंग कशाला? तोंड तर धुवायचंच आहे ना?"

"ज्याच्यावर काहीच नाही ते तोंड धुतलं तं कोण मानंल?"

सत्याहत्तर वर्षांचा हात. पण व्रण बरोबर त्याच जागी उतरला. गाल आत गेलेले होते, त्यामुळे जहागीरदार अधिकच भयंकर दिसायला लागला. मिशी कुंदननं ऑनलाइन मागवलेली, ती एका बाजूला दोन बोटं लांब निघाली. लिलाबाईंनी ती दातांनी कातरली. आजूबाजूच्या घरांच्या धाब्यांवर, म्हणजे सपाट छतांवर, बाया जमल्या. गावाजवळच्या कंपनीतली पहिली पाळी बुडवून दोघं-तिघं तरुण मोबाइल वर धरून उभे. समोरचं दार आधी बोटभर उघडलं, मग वीतभर, मग पूर्ण उघडलं, कारण दारात उभ्या समीक्षाच्या वडिलांना भिकुबाईंनीच बाजूला ढकललं.

जीवरामभाऊ उभे राहिले. पाठ सरळ झाली. डोळे वर उचलले. धाब्यावरचं एक पोर रडायला लागलं, आणि मला खोटं का सांगू, माझ्या अंगावर तोच जुना काटा आला.

"हाऊच तो," भिकुबाई म्हणाल्या.

जीवरामभाऊंनी हात जोडले. "माय, त्या दिवशी वादळ आलं. तुमच्या गावाचं तोंड धुवायचं राहून गेलं. आज धुतो." आणि ते घंगाळाशी वाकले.

"थांब." भिकुबाई ओट्याच्या कडेला आल्या. "आधी तिले सोड."

"कोणाले, माय?"

"तिले. खांबले बांधेल व्हती ती. तिना काय व्हयनं ते आधी सांग, मंग तोंड धू."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मला कळलं की सत्तेचाळीस वर्षं ही बाई जीवरामभाऊंवर रागावली नव्हती नुसती. ती माझी काळजी करत होती.

मग काय. मी ओट्यावर चढले, दोन माणसांच्या मदतीनं. ओट्याला लोखंडी खांब होता. समीक्षानं ओढणीनं मला बांधलं, सैल, वर विचारलं, "अक्का, गुडघे?" माझं वय एकोणसत्तर. टेकायला खांब मिळाला, उलट बरंच वाटलं. पाठोपाठ वर चढलेल्या जीवरामभाऊंना मशालीच्या जागी घरातला गॅस पेटवायचा लायटर मिळाला. आणि वाक्यं आली. कुठून आली माहीत नाही. मी किंचाळले ती अशी किंचाळले की मागच्या गल्लीतून कुत्री आली. जहागीरदार हसला. पहिला मजला, दुसरा मजला, आणि वादळानं अडवलेला तो तिसरा मजला त्या दिवशी नरडाण्याच्या धाब्यांवरून रेल्वेपर्यंत गेला.

"मोतीलाल कोठे शे?" भिकुबाई ओरडल्या. नाव त्यांच्या लक्षात होतं.

मोतीलाल सुरतेला मुलाकडे असतात, दोन्ही गुडघे बदललेत. तोंडधुणी त्यांनाही दाखवायचं कुंदननं आधीच ठरवून ठेवलं होतं. त्यानं व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाइल उंच धरला. पडद्यावर मोतीलाल, स्वेटरवर फेटा बांधून, हातात मंडळाची तलवार, मागे सुनेचा फ्रिज. "थांब, नराधमा," ते गरजले, "तिच्या केसालाही हात लाव—" आणि नेटवर्क गेलं. तोंड उघडं, तलवार वर, मोतीलाल तसेच गोठले.

"हॅलो," कुंदन म्हणाला. "हॅलो, नाना?"

लायटर माझ्या गालापासून हातभर. जीवरामभाऊ माझ्याकडे बघत होते, आता काय, असे. नायक नाही तर जहागीरदारानं स्वतः थांबायचं तरी कसं? मी दुसऱ्यांदा किंचाळले, वेळ काढायला.

तेवढ्यात भिकुबाईंनी नळाशी पडलेलं कपडे धुवायचं धोपाटणं उचललं. पदर खोचला. चार पायऱ्या त्या कशा उतरल्या आणि परत कशा चढल्या ते मी पाहिलं नाही. मी फक्त धोपाटणं जीवरामभाऊंच्या खांद्यावर बसल्याचा आवाज ऐकला, आणि तो नाटकातला आवाज नव्हता.

"सोड तिले. सोडस का नही?"

दुसरं धोपाटणं पाठीत. जहागीरदार पडला. अहो, काय पडला. गुडघ्यावर, मग एका हातावर, मग एक हात आकाशाकडे, मग सावकाश, पूर्ण लांब. असं पडणं आता कुणाला येत नाही. धाब्यांवरून टाळ्या आल्या. पण जीवरामभाऊ उठेनात. टाळ्या थांबल्या. लिलाबाई पुढे धावल्या. भिकुबाईंच्या हातातलं धोपाटणं गळून पडलं.

जीवरामभाऊंनी एक डोळा उघडला. "माय," ते म्हणाले, "तुमच्या हाताले लागलं तं नाही ना कुठी?"

भिकुबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.  वळल्या, माझ्यापाशी आल्या, ओढणीची गाठ सोडायला लागल्या. गाठ सुटेना, समीक्षा पुढे आली तर तिला हातानं बाजूला केलं. स्वतःच सोडली. मग माझं मनगट हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं.

"तू वाचनी ना माय?"

"वाचले हो," मी म्हणाले. पुढचं वाक्य येईना. आयुष्यात पहिल्यांदा मला प्रॉम्प्टर हवा होता.

मग तोंडधुणी झाली. कुंदननं घंगाळ भरलं, जीवरामभाऊ ओट्याखाली उतरून जमिनीवर बसले. खोबरेल तेल चोळलं. आधी मिशी गेली, मग व्रण पाण्यात काळा होऊन गेला, मग भुवया. शेवटची ओंजळ तोंडावर मारली आणि डोळे मिटून, पाणी निथळत, ते तसेच बसून राहिले. पंचा कोण देणार, हा त्यांनी विचारायचा प्रश्न नव्हता. तो गावानं सोडवायचा असतो. लिलाबाईंचा हात पिशवीकडे गेला, मी डोळ्यांनी नको म्हटलं.

दोरीवर वाळत घातलेला पंचा भिकुबाईंनी ओढून काढला, झटकला आणि पुढे धरला.

जीवरामभाऊंनी तोंड पुसलं. टोपी बाजूला पडली होती. कपाळाचा वरचा भाग पांढराफटक, खालचा उन्हानं काळा, मधे टोपीची सरळ रेघ. डोळ्यांच्या कडांना शेतात मिचकावून पडतात त्या सुरकुत्या. गळ्याची कातडी रापलेली.

"मी जीवराम," ते म्हणाले. "सावद्याकडं केळी लावतो. तुमचा राग—"

"माहीत शे," भिकुबाई म्हणाल्या. त्या वाकून त्यांच्या कपाळावरची रेघ पाहत होत्या. त्यांच्या घरातल्या भिंतीवर हार घातलेला एक फोटो आहे, समीक्षाच्या आजोबांचा, मी नंतर आत गेल्यावर पाहिला. त्यातल्या माणसाच्या कपाळावरही तीच रेघ. "हाऊ तं आपलाच शे," त्या म्हणाल्या, आणि मग नातीकडे वळून, जरा चिडूनच, "तू तेच सांगी राहिंती ना? मंग नीट सांगाना व्हतं."

समीक्षा हसत होती आणि डोळे पुसत होती. घंगाळातलं पाणी तिनं आणि कुंदननं मिळून उचललं आणि लिंबाच्या बुंध्याशी ओतलं. त्याच वेळी मोबाइलमध्ये नेटवर्क आलं आणि मोतीलालांचं उरलेलं वाक्य अंगणात पडलं, "—लास तर गाठ माझ्याशी आहे." कुणीतरी त्यांना सांगितलं की लग्न ठरलं. ते म्हणाले, माझ्यामुळेच ना?

भिकुबाईंनी जीवरामभाऊंना हाताला धरून ओट्यावर नेलं, पाटावर बसवलं, स्वतः कुंकू लावलं. मग आतल्या बाजूला आवाज दिला.

"समीक्षा, चहा ठेव. व्हिलनना चहामा साखर जास्त टाक."

जीवरामभाऊंना साखरेची सक्त मनाई आहे. लिलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी लिंबाकडे पाहिलं. जीवरामभाऊंनी बशीत ओतून तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, आणि मग अगदी हळू आवाजात, फक्त पहिल्या मजल्यापर्यंत, हसले.